कोल्हापूरहून मोहालीला कार पाठवायची आहे, भरवशाचा ट्रान्सपोर्टवाला कसा ओळखायचा?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मी नोकरीसाठी मोहालीला जातेय. माझी २०१९ ची पेट्रोल बलेनो आहे, एमएच ०९ पासिंगची, पहिल्यापासून माझ्याच हातातली. तिथे फ्लॅटपासून ऑफिस लांब आहे आणि शिफ्ट रात्री सुटते, म्हणून गाडी न्यायचीच आहे. बाबा म्हणतात, "मी चालवत आणून देतो." त्यांचं वय सदुसष्ट, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. दोन हजार किलोमीटर मी त्यांना गाडी चालवू देणार नाही. मला स्वतःला रजा नाही, थेट रुजू व्हायचंय.

एका वेबसाइटवर चौकशी टाकली आणि संध्याकाळपर्यंत फोन थांबेनात. त्यातले तीन भाव लिहून ठेवलेत. पहिला ११,५०० रुपये. घरातून नेणार, घरी पोच, इन्शुरन्स धरून, पाच दिवसांत. पण "आजच्या आज पाच हजार यूपीआय करा, नाहीतर जागा जाईल" म्हणतोय. दुसरा २२,००० सांगतो, त्यात गाडी पुण्याला नेऊन द्यायची. तिसऱ्याचे ३१,०००. बंद कंटेनर, कोल्हापुरातून त्यांचा ड्रायव्हर गाडी नेणार. पहिल्याच्या आणि तिसऱ्याच्या वेबसाइटवर ट्रेलरचा फोटो अगदी तोच आहे, तेव्हापासून कुणावरच विश्वास बसेना.

कुणी आपल्या भागातून एवढ्या लांब गाडी पाठवली आहे का? कंपनी खरी आहे हे कसं तपासायचं? इन्शुरन्स असतो म्हणतात तो नेमका कशाचा? आणि आईला डिकीत भांडी, कांदा-लसूण चटणीचे डबे, गुळाच्या ढेपा असं बरंच काही भरून द्यायचंय, ते चालतं का? कागदपत्रांचंही सांगा.

उत्तर (कसबा बावडा)

११,५०० वाल्याचा हिशेब मांडून बघा. बलेनोला हायवेला लिटरमागं अठरा किलोमीटर धरले तरी दोन हजार किलोमीटरला एकशे दहा लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे नुसतं पेट्रोलच साडेअकरा हजारांच्या घरात. टोल वेगळा. ट्रेलरवर सात-आठ गाड्या असतात म्हणून वाटणी होते हे मान्य, पण घरातून उचलायची, घरी पोचवायची, वर इन्शुरन्स, हे सगळं त्या पैशात बसत नाही. बाकीचे पैसे तो गाडी चढवल्यावर मागणार. पाच हजार पाठवू नका.

उत्तर (उचगाव)

ताई, माझं अख्खं आयुष्य ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात गेलं. आता मुलगा गाड्या बघतो. आम्ही कार नेत नाही, आमचा माल म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचं कास्टिंग. त्यामुळं यात माझा काही धंदा नाही. पण कार नेणारे आमच्याच लाइनीतले, त्यांचं काम कसं चालतं ते रोज बघत आलोय. पोरीबाळी एकट्या परगावी जातात आणि अशा वेळी कुणीतरी त्यांना लुबाडतं, ते मला सहन होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्हाला फोन करणारा माणूस आणि तुमची गाडी नेणारा माणूस बहुतेक वेळा एक नसतात. फोनवाल्याकडं ना ट्रक ना गोडाऊन. वेबसाइटनं तुमचा नंबर त्याला विकलेला असतो. तो तुमचं काम पुण्यातल्या कुणाला देतो, पुण्याचा माणूस ट्रेलरवाल्याला देतो, आणि ट्रेलर असतो तिसऱ्याच मालकाचा. प्रत्येक जण आपलं कमिशन काढून घेतो. गाडीला ओरखडा आला की प्रत्येक जण पुढच्याकडं बोट दाखवतो. म्हणून "तुमची कंपनी कशी आहे" असं विचारूच नका. विचारा, "बिल्टी कुणाच्या नावानं फाटणार?" ज्याच्या नावाची बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, तो कायद्यानं जबाबदार. या एका प्रश्नावर निम्मे फोन आपोआप बंद होतात.

आता कोल्हापूरचं गणित सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांचा सल्ला आपल्याला तसाच्या तसा लागू पडत नाही. कारचे मोठे ट्रेलर धावतात ते कारखान्यांच्या जोरावर. गुरुग्राम-मानेसरहून मारुतीच्या नव्या गाड्या इकडं येतात, चाकण-तळेगावहून इकडच्या कंपन्यांच्या गाड्या तिकडं जातात. तुमच्यासारख्यांची एखादी गाडी त्यात मोकळ्या जागी बसवतात, किंवा परतीच्या भाड्यात नेतात. तेवढा लांब ट्रेलर एका बलेनोसाठी कोल्हापूरला येत नाही, आणि राजारामपुरीच्या गल्लीत तर वळणारही नाही. मग होतं काय? कुणीतरी ड्रायव्हर तुमच्या दारातून गाडी घेतो आणि चालवत पुण्याला नेतो. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. तिकडं ट्रेलर गुरुग्रामला उतरवणार असेल तर तिथून मोहालीपर्यंत पुन्हा ड्रायव्हर. म्हणजे "घरातून घरी" याचा अर्थ दोन्ही टोकांना तुमची गाडी परका माणूस चालवणार.

हे फसवणं नव्हे. कामाची पद्धतच तशी आहे. पण जो हे आधी स्वतःहून सांगतो तो माणूस बरा, आणि जो "नाही हो मॅडम, थेट ट्रेलर दारात येईल" म्हणतो त्याला तिथंच सोडा. तुमचा २२,००० वाला पुण्याला गाडी आणून द्या म्हणतोय ना, त्यात मला तरी वावगं दिसत नाही. तो खरं बोलतोय. बाबांना दोन हजार किलोमीटर नको, पण एखाद्या नात्यातल्या तरुण पोराला घेऊन पुण्यापर्यंत गाडी स्वतः नेता येईल. मग गाडी ट्रेलरवर चढताना तुमच्या डोळ्यांदेखत चढेल. याला मी सगळ्यात जास्त किंमत देतो.

कंपनी खरी की खोटी हे बघायला दोन सरकारी कागद पुरतात. एक म्हणजे कॉमन कॅरिअरची नोंदणी. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यानुसार दुसऱ्यांचा माल रस्त्यानं नेण्याचा धंदा करायला हे नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. खऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात ते भिंतीवर लावलेलं असतं, फोटो मागितला तर लगेच पाठवतो. नुसत्या दलालाकडं ते नसतं. दुसरा जीएसटी क्रमांक. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की कायदेशीर नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, सगळं फुकट दिसतं. वेबसाइटवर "तीस वर्षांची सेवा" आणि पोर्टलवर नोंदणी गेल्या वर्षीची असेल तर कारण विचारा. बिलावरचं नाव, बँक खात्याचं नाव आणि जीएसटीचं नाव ही तिन्ही एकच पाहिजेत. पैसे कंपनीच्या चालू खात्यातच टाका, कुणा माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

जुन्या नावाजलेल्या कंपन्यांच्या नावात एखादा शब्द घालून किंवा स्पेलिंग बदलून दुकान मांडणारे खूप आहेत. नाव ओळखीचं वाटलं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पुणे शाखेचा नंबर काढा आणि तिथं फोन करून विचारा की हा माणूस तुमचा आहे का. आणि रिव्ह्यू वाचताना पाच तारेवाले सोडून द्या. एक आणि दोन तारेवाले वाचा. गाडी उशिरा पोचली ही तक्रार सगळ्यांची असते, ट्रेलर भरल्याशिवाय निघत नाही. पण "गाडी चढवल्यावर जास्त पैसे मागितले" असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

अजून एक मागा. कोल्हापूर किंवा सांगलीची, म्हणजे एमएच ०९ किंवा एमएच १० ची गाडी उत्तरेला नेलेली एखादी जुनी बिल्टी. नाव-नंबर झाकून दाखवू दे. आपल्या भागातलं काम केलेला माणूस ती पाच मिनिटांत दाखवतो.

बिल्टीवर काय काय पाहिजे: गाडीचा नंबर, चासी नंबर, पाठवणारा, घेणारा, ठरलेलं भाडं, किती दिलं किती बाकी, आणि गाडीची किंमत. किंमतीचा रकाना लोक मोकळा सोडतात आणि तिथंच घात होतो. वेगळा जादा दर भरून ठरवलं नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच धरतात, असा नियम आहे. तुमचं भाडं २२,००० म्हणजे जास्तीत जास्त २,२०,०००. गाडी पाच-साडेपाच लाखांची असेल तर वरचे पैसे कुणाचे? म्हणून किंमत लिहून घ्या आणि "ओनर्स रिस्क" (जोखीम मालकाची) असा शिक्का आहे की "कॅरिअर्स रिस्क" (जोखीम वाहतूकदाराची), हे सही करण्याआधी वाचा. नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरचं भांडण तिथं धरत नाहीत. ईमेल करा आणि रजिस्टर्ड पोस्टानंही पाठवा.

ट्रेलर ठरला की त्याचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अॅपवर टाका. फिटनेस, इन्शुरन्स, परमिट चालू आहे का ते तिथं दिसतं. फिटनेस संपलेल्या गाडीवर आपली गाडी चढवायची नाही, मग भाडं कितीही कमी असू दे.

आईंना माझा नमस्कार सांगा, पण डिकी मोकळीच ठेवा. वापरातली स्वतःची गाडी घरगुती सामानात धरतात, तिला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद, लागत नाही. आत दुसरा माल भरला की नाक्यावर प्रश्न सुरू होतात. शिवाय सामान हरवलं तर बिल्टीत नसल्यामुळं कुणीच भरून देत नाही. चटणी आणि गूळ कुरिअरनं पाठवा. स्टेपनी, जॅक, पाना एवढंच आत ठेवा आणि बिल्टीवर तेही लिहून घ्या.

उत्तर (नागाळा पार्क)

उचगावच्या काकांनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे, म्हणून फक्त इन्शुरन्सबद्दल लिहितो.

तुमची स्वतःची पॉलिसी काढून बघा. सर्वसमावेशक असेल, म्हणजे त्यात 'ओन डॅमेज' (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग असेल, तर रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट, एलिव्हेटर किंवा विमानाने गाडी नेली जात असताना होणारं नुकसान त्यात आधीच धरलेलं असतं. खूप लोकांना हे माहीत नसतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर मात्र काहीच मिळत नाही, आणि तसं असेल तर गाडी पाठवण्याआधी पॉलिसी बदला. प्रवासाच्या मधेच मुदत संपत नाही ना तेही बघा.

या पॉलिसीवर क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तुमचा बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोचला असेल तर लहान ओरखड्यासाठी क्लेम परवडत नाही. मोठं नुकसान झालं तर बोनसचा विचार करू नये. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, असते, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये. तुमची बलेनो त्यात बसते.

ट्रान्सपोर्टवाले "इन्शुरन्स" म्हणून तीन टक्के वगैरे घेतात, त्यातले बरेच पैसे 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू) नावाखाली असतात. तो विमा नव्हे. वाहतूकदार स्वतःच जोखीम घेतो म्हणून आकारलेले ते पैसे, आणि भरपाईही त्याच्याकडूनच मागावी लागते. खरा ट्रान्झिट विमा असेल तर विमा कंपनीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर पॉलिसी क्रमांक, तुमच्या गाडीचा नंबर, विमा रक्कम आणि मार्ग असतो. गाडी चढण्याआधी ते ईमेलवर मागा आणि विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून क्रमांक खरा आहे का विचारा.

आणि एक मनापासून सांगतो. गाडी उतरवताना नुकसान दिसलं आणि ड्रायव्हरनं हजार-दोन हजार पुढे केले, तर ते घेऊन "तक्रार नाही" असं लिहून देऊ नका. वाहतूकदाराकडून वसुली करण्याचा हक्क विमा कंपनीचा असतो. तुम्ही त्याला आधीच मोकळा केलात तर तुमचाच क्लेम अडतो. पोच पावतीवर नुकसान सविस्तर लिहा, ड्रायव्हरची सही घ्या, फोटो काढा, त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. सर्व्हे होईपर्यंत दुरुस्ती करायची नाही.

उत्तर (सैनिक टाकळी)

फौजेत असताना पोस्टिंगप्रमाणे माझी गाडी पठाणकोटपासून बेळगावपर्यंत फिरली. गाडी देताना आणि घेताना काय करायचं ते सांगतो.

देण्याआधी गाडी धुऊन घ्या. धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत आणि नंतर जुना कुठला, नवा कुठला यावर वाद होतो. दिवसाउजेडी चारी बाजूंनी न थांबता एक व्हिडिओ काढा. त्यात टप, काचा, चाकं, डिकी, मीटरवरचे किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा सगळं आलं पाहिजे. किलोमीटरचा आकडा बिल्टीवर लिहून घ्या. ट्रेलरवर जायची गाडी हजार किलोमीटर जास्त फिरून आली तर ती रस्त्यानंच चालवत आणली हे तिथंच उघड होतं. पेट्रोल पाव टाकी पुरे. चावी एकच द्या, दुसरी आपल्या जवळ. मूळ आरसी अजिबात देऊ नका. आरसी, विमा, पीयूसी यांच्या झेरॉक्स द्या आणि त्यावर आडवं लिहा: "फक्त वाहतुकीसाठी", तारीख आणि तुमची सही.

गाडी चढवताना पट्टे चाकांना बांधायला सांगा. चासीला साखळी ओढून बांधतात तेव्हा खालची बाजू दबते. बंद कंटेनर बरा की उघडा ट्रेलर? २०१९ च्या गाडीला उघडा ट्रेलर चालतो. नऊ हजार जास्त देऊन मिळतं ते म्हणजे पावसापासून आणि बारीक खड्यांपासून आडोसा. नवी कोरी किंवा महागडी गाडी असती तर मी कंटेनर घ्या म्हटलं असतं. वरच्या मजल्यावर जागा मागून बघा. खालच्या गाडीवर वरच्या गाड्यांचं तेल-ग्रीस गळतं.

मोहालीत गाडी रात्री आली तर सकाळपर्यंत थांबायला सांगा. ड्रायव्हर घाई करतो, त्याला पुढं जायचं असतं, पण बॅटरीच्या उजेडात बंपरखालची चीर दिसत नाही. बाकीचे पैसे तपासून झाल्यावर. मात्र त्या ड्रायव्हरला जेवू-चहा घालायला विसरू नका. मालकाच्या चुकीचा राग त्या माणसावर काढू नये, तो आठ-दहा दिवस घराबाहेर असतो.

पासिंगचं: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. ई-चलन थकलं असेल तर आधी भरा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती. तिकडं नवीन कर भरून नोंदणी झाली की इकडच्या कराचा राहिलेला भाग परत मागता येतो. तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणाऱ्या 'भारत' नंबरच्या मालिकेचा विचार करा. २०२१ मध्ये ती सुरू झाली आणि आता जुनी गाडीही त्यात घेता येते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, आणि पुढची बदली झाली तरी एनओसीसाठी फिरावं लागत नाही. आमच्या पोरांना याचा फार उपयोग झालाय.

उत्तर (प्रश्नकर्ती, राजारामपुरी)

तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ काढून लिहिलंत, खरंच आभार. बाबांनी सगळं मोठ्यानं वाचून घेतलं. आता त्यांचाही आग्रह थांबलाय.

काल आणि आज फोन करून प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला, बिल्टी कुणाच्या नावाची. ११,५०० वाला म्हणाला, "ते नंतर बघू मॅडम, आधी बुकिंग करा." मी नको म्हटल्यावर लगेच ९,५०० वर आला. नंबर ब्लॉक केला. ३१,००० वाल्यानं कॉमन कॅरिअरचा कागद पाठवलाच नाही, जीएसटी क्रमांक पाठवला, तो पोर्टलवर रद्द दाखवतो. २२,००० वाल्यानं दोन्ही कागद पाठवले, नाव जुळलं. पुण्यातल्या त्यांच्या यार्डात माझा मावसभाऊ जाऊन आला. तिथे खरोखर गाड्या उभ्या आहेत, ऑफिसात माणसं आहेत. सांगलीच्या एका गाडीची मागच्या महिन्यातली बिल्टी त्यांनी दाखवली. गाडी गुरुग्रामला उतरेल आणि तिथून त्यांचा ड्रायव्हर मोहालीला चालवत आणेल, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. किंमत लिहून, कॅरिअर्स रिस्कवर, विमा कंपनीच्या प्रमाणपत्रासह एकूण २५,८०० होतात. निम्मे चढवताना, निम्मे पोचल्यावर. माझी पॉलिसी सर्वसमावेशक आहे, मुदत जानेवारीपर्यंत.

दोन शंका राहिल्यात. एक, फास्टॅग काढायचा का? दुसरी, यार्डात गाडी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात द्यायची आहे. पाऊस बघता तारीख अलीकडं घेऊ का?

आणि समजा काही वाईट झालंच, तर बिल्टीवर "दिल्ली न्यायालयाच्या कक्षेत" असं छापलंय. मग मला दिल्लीला जावं लागेल का?

उत्तर (उचगाव)

शाब्बास ताई. मावसभाऊ यार्डात जाऊन आला हे फार चांगलं झालं.

फास्टॅग काचेवर राहिला तर ट्रेलर नाक्यातून जाताना कधी कधी तुमच्याही टॅगचे पैसे कापले जातात. म्हणून पुण्यात गाडी चढवली की टॅगमध्ये अगदी थोडे पैसे ठेवा, आणि गुरुग्रामला गाडी उतरल्याचा फोन आला की रिचार्ज करा. गुरुग्राम ते मोहाली गाडी चालतच जाणार, तिथले मेसेज तुमच्या फोनवर येतील आणि गाडी कुठं पोचली तेही कळेल. मधल्या प्रवासात एखादा मेसेज आलाच तर लगेच आरोप करू नका. नाक्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा आणि ट्रेलरच्या ड्रायव्हरला त्याच वेळी फोन लावा, व्हिडिओ कॉल करून गाडी दाखव म्हणा. प्रामाणिक माणूस दाखवतो.

तारीख अलीकडं घ्या. जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा आपल्याकडं भरवशाचा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याकडची वाट बंद झाली, हे तुम्ही पाहिलंच असेल. राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणी ३५ च्या पुढं चढायला लागलं आणि राधानगरीत पाऊस सुरूच असेल तर थांबू नका, त्याच दिवशी गाडी काढून पुण्यात यार्डात लावा. यार्डवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा की चार-पाच दिवस आधी आणली तर ठेवून घेणार का, आणि त्या दिवसांचं भाडं लावणार का. उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

दिल्लीचं मात्र वकिलालाच विचारा.

उत्तर (शाहूपुरी)

दिल्लीला जायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. बिल्टीवर छापलेल्या त्या ओळीमुळे तुमचा हा हक्क जात नाही. घर कोल्हापुरात असेल तर कोल्हापुरात, मोहालीत राहायला गेल्यावर तिकडे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, आणि इथे मोजतात ती तुम्ही भरलेली रक्कम, गाडीची किंमत नव्हे. सुरुवातीला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा तेवढ्यानंच कंपनी बोलायला येते. कुणी आगाऊ पैसे घेऊन गायबच झाला तर ते ग्राहक प्रकरण नाही, १९३० वर सायबर तक्रार, तीही लगेच, म्हणजे पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता येतात.

बिल्टी, गाडी देतानाचा आणि घेतानाचा असे दोन्ही व्हिडिओ, पैसे भरल्याच्या पावत्या आणि व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची एक प्रत बाबांच्या फोनवर पाठवून ठेवा.

उत्तर (प्रश्नकर्ती, राजारामपुरी)

यार्डवाल्याशी बोलले. पाच दिवसांपर्यंत ठेवायचं भाडं घेणार नाही असं त्यांनी लेखी दिलंय. मावसभाऊ येत्या रविवारी पहाटे गाडी काढणार आहे, बाबा शेजारच्या सीटवर. चटणी उद्या कुरिअरनं जातेय.

सर्व्हेअर साहेब, एकच विचारायचं राहिलं. गाडीला मागून लावलेले सीट कव्हर आणि टचस्क्रीन पॉलिसीत वेगळे नोंदवावे लागतात का?

उत्तर (नागाळा पार्क)

हो, कंपनीतून न आलेली टचस्क्रीन पॉलिसीत 'इलेक्ट्रॉनिक अॅक्सेसरीज' म्हणून किंमतीसह नोंदवलेली असावी लागते. नसेल तर क्लेममध्ये तिचे पैसे मिळत नाहीत. सीट कव्हरचंही तसंच, विद्युत नसलेल्या अॅक्सेसरीजमध्ये. पॉलिसीच्या पहिल्या पानावर आयडीव्हीच्या, म्हणजे गाडीच्या विमा किंमतीच्या, तक्त्यात हे दोन रकाने असतात, ते बघा. मोकळे असतील तर शनिवारच्या आत एजंटला फोन करून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी नोंद, करून घ्या. टचस्क्रीनचं बिल लागेल, ते शोधून ठेवा.